वरचे काका, खालच्या काकू

धुराडी साफ करणाऱ्या त्या जोडप्याचं खरं आडनाव पोस्टमनलासुद्धा आठवून बघावं लागे. गावात त्यांना वरचे काका आणि खालच्या काकू म्हणत. काका छपरावर चढत म्हणून वरचे, काकू खोलीत शेगडीपाशी बसत म्हणून खालच्या. "वरचे आलेत का?" असं कुणी दारातून विचारलं, की घरातलं एखादं म्हातारं माणूस अंथरुणातून ओरडे, "एवढ्यात नको रे बाबा!" आणि सगळे हसत. हा विनोद गावात चौतीस वर्षं चालला होता आणि काका प्रत्येक वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसत. गिऱ्हाइकाच्या विनोदाला हसायचं असतं, हे त्यांना काकूंनी शिकवलं होतं.

गाव थंडीचं. प्रत्येक घरात लाकडाची लोखंडी शेगडी असायचीच. चार पायांची, कमरेएवढी, पुढे दार, आत जाळी, जाळीखाली राखेचा कप्पा, आणि मागून निघालेला नळ भिंतीतून वर धुराड्यात गेलेला. शेगडी हे बिचारं साधं यंत्र आहे. सुकी लाकडं घाला, वारा लागू द्या, ती तुम्हाला कधी त्रास देणार नाही. पण माणसं ओली लाकडं घालतात. लाकूड रात्रभर पुरावं म्हणून नळातली झडप लावून टाकतात. मग धूर वर जायचा रेंगाळतो, वाटेतच थिजतो, आणि धुराड्याला आतून डांबरासारखी चकचकीत काजळी धरते. ती एकदा पेटली, की धुराड्यातून आगगाडीच्या इंजिनासारखा आवाज येतो आणि आपण एका उडीत किती पायऱ्या उतरू शकतो, हे घरातल्या माणसांना कळतं. म्हणून थंडी पडायच्या आधी घरोघरी या दोघांना बोलावणं जाई.

कामाची रीत ठरलेली होती. काका शिडी लावून छपरावर जात. त्यांच्या खांद्यावर दोराचं वेटोळं, दोराच्या टोकाला नारळाएवढा लोखंडी गोळा आणि गोळ्याच्या वर तारेचा गोल कुंचा. गोळा आपल्या वजनानं धुराड्यातून खाली उतरे, कुंचा भिंती खरवडत त्याच्या मागे जाई. खाली काकू आधी खुर्च्या, टेबल, घड्याळ, सगळं झाकून घेत. नळाच्या सांध्यांवर खळ लावून कागद चिकटवत. मग शेगडीच्या तोंडावर ओली चादर लावून तिच्या कडा दोन्ही हातांनी आणि एका गुडघ्यानं दाबून धरत. त्यांच्या उजव्या हातात एक लोखंडी चमचा असे. बोलायची सगळी कामं तो चमचा करी.

एक टोला म्हणजे थांबा. दोन म्हणजे चालू द्या. तीन म्हणजे गोळा खाली पोचला, वर ओढा. आणि चार म्हणजे घरमालक खोलीत आलेत, तोंड सांभाळा.

हा चौथा टोला लग्नाच्या पहिल्याच वर्षी जन्माला आला. धुराडं म्हणजे उभा केलेला कर्णा. वर कुजबुजलं तरी खाली भाषण झाल्यासारखं ऐकू येतं. हे माहीत नसताना काकांनी एका वकिलांच्या छपरावर उभं राहून त्या वकिलांच्या स्वभावाबद्दल मोकळेपणानं मत दिलं होतं. वकील खाली शेगडीजवळ उभे राहून ते मत शेवटपर्यंत ऐकत होते. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "हे सगळं तुमचे मिस्टर लेखी देतील का?"

या चार टोल्यांखेरीज आणखी एक सवय काकूंना होती. कामाला हात घालण्याआधी त्या नळावर चमच्यानं हलकी टकटक करत. त्यात काही निरोप नसे. काकांना वाटे, ती चमचा तपासते. बायकांच्या अशा काही सवयी असतात, त्यात आपण पडू नये, असं त्यांचं धोरण होतं.

राख वाचणं हेही काकूंचंच काम. कप्पा ओढून बोटानं जरा ढवळलं, की त्या घराची हकीकत सांगत. "ओलं लाकूड. तेही चोरून आणलेलं, साल तशीच आहे." "यांच्या मुलानं वही जाळली, ही बघा तार." एकदा एका घरी राखेत सहा मोठी बटणं निघाली. काकूंनी बटणं धुऊन घरातल्या बाईच्या हातात ठेवली आणि हळूच म्हणाल्या, "कोटाचं काय ते असो, पण बटणं चांगली आहेत." ती बाई त्या दिवसापासून त्यांची मैत्रीण झाली. कोट कुणाचा होता, हे गावाला अजून कळलेलं नाही.

काकांचं मत मात्र पक्कं होतं, की खरं काम वर असतं. वर वारा असतो, निसरडी कौलं असतात, आणि खालून माणसं मान वर करून बघत असतात. खाली काय, चादर असते.

हे मत त्यांनी मनात ठेवलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं.

त्या दिवशी औषधवाल्यांकडे काम होतं. औषधवाले हौशी गृहस्थ. धुराडं वरून कसं दिसतं ते बघायला ते शिडीवरून अर्धे वर आले आणि तिथेच शिडीला मिठी मारून थांबले. बोलत राहिलं की भीती वाटत नाही, म्हणून ते बोलत राहिले.

"काका, तुमचं काम मोठं जोखमीचं हो."

"सवय आहे," काका म्हणाले आणि गरज नसताना एका पायावर उभे राहिले.

"आणि काकू खाली काय करतात?"

"तिचं काय, चादर धरायची. त्यात काय आहे? एखादी खुंटीसुद्धा धरेल."

खालून तीन टोले आले. गोळा पोचला होता. टोले नेहमीसारखेच होते, कमी नाहीत, जास्त नाहीत. काकांनी दोर ओढला. चौतीस वर्षं धुराड्यांत बोलून झालेल्या माणसाला त्या क्षणी हे सुचलं नाही, की धुराडं मतं निवडून खाली सोडत नाही.

संध्याकाळी काकूंनी जेवायला वाढलं. जेवण झाल्यावर त्यांनी दारामागची खुंटी, जिच्यावर काकांची टोपी असायची, दोन्ही हातांनी हलवून हलवून भिंतीतून उपटली. फुंकर मारून तिच्यावरची माती उडवली आणि ती काकांच्या कामाच्या पिशवीत ठेवली.

"हे काय?" काका म्हणाले.

"उद्यापासून हिला घेऊन जा," काकू म्हणाल्या. "हिचा डबा वेगळा लागत नाही."

दुसऱ्या दिवशी काका एकटे शिंप्याकडे गेले. एकटा माणूस हे काम करू शकतो, हे दाखवायची त्यांना खुमखुमी होती. त्यांनी चादर खिळे मारून बसवली, वर गेले, गोळा सोडला, उतरले, बघितलं, पुन्हा चढले. चौथ्या फेरीला ते छपरावर होते आणि चादर जमिनीवर होती. शिंप्यानं त्या दिवशी दवाखान्याचे बारा पांढरे कोट शिवून, इस्त्री करून, खोलीभर टांगून ठेवले होते. काका धावत खाली आले तेव्हा खोलीत तेरा काळे लोक उभे होते, त्यातला एक शिंपी होता. तो चिडला नाही. काळ्या चेहऱ्यातून त्यानं फक्त डोळे मिचकावले आणि विचारलं, "काका, काकू कुठे आहेत?"

ते बारा कोट काकांनी स्वतः धुतले. तीनदा.

मग त्यांनी मेहुण्यांना बोलावलं. मेहुणे म्हणजे काकूंचे धाकटे भाऊ. दप्तरखान्यातून कारकून म्हणून निवृत्त झालेले, जाडजूड, सज्जन, आणि कुठलीही गोष्ट कागदावर आल्याशिवाय ती घडली असं न मानणारे.

"भावजी, टोल्यांचं आधी परिपत्रक काढू," ते म्हणाले. त्यांनी चारही टोले सुवाच्य अक्षरात लिहून काढले, खाली तारीख घातली आणि कागद टाचणीनं छातीवर लावला. काकांना वाटलं, चला, सुटलो.

पहिलं काम त्याच वकिलांकडे होतं. काम नीट चाललं होतं. गोळा उतरत होता, मेहुणे चादर दाबून बसले होते. तेवढ्यात वकील खोलीत आले. आता साहेब खोलीत आले की उठून उभं राहायचं, ही मेहुण्यांची चाळीस वर्षांची सवय. ते उठले. दोन्ही हात बाजूला, मान किंचित खाली. चादरही खाली. परिपत्रकात चार टोले लिहिले होते, बसून राहा असं कुठे लिहिलं नव्हतं.

वकिलांनी चष्मा काढला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर फक्त दोन स्वच्छ गोल होते. ते शेगडीच्या तोंडाशी वाकून वर म्हणाले, "तुमच्या मिसेस कुठे आहेत?"

घरी अबोला नव्हता; अबोला परवडला असता. काकू सगळं बोलत. पाणी तापलंय, कांदे संपलेत, शेजारची मांजर पुन्हा आली. पण शेवटी, दर वेळी, अगदी गोड आवाजात, "आज खुंटीनं कसं काम केलं?"

माफी मागायची म्हणजे नेमकं काय करायचं असतं, हे काकांना कधी समजलंच नव्हतं. तशी वेळ आली की ते काहीतरी घासायला घेत. लेकीच्या वाढदिवसाला घरी यायला विसरले, तेव्हा त्यांनी घरातली सगळी भांडी घासली होती. या वेळी त्यांनी घरची शेगडी काढली. गावभरच्या शेगड्या साफ करणाऱ्यांच्या घरची शेगडी चार वर्षांत कुणी उघडली नव्हती. काकांनी जाळी बाहेर काढून खरवडली, नळ सोडवून अंगणात झटकला, दार घट्ट बसवणारी कडेची झिजलेली दोरी बदलली, बाहेरून काळं पॉलिश केलं. सकाळपासून दुपारपर्यंत. शेगडीत तोंड दिसायला लागलं.

काकूंनी वाकून बघितलं. "छान झालीय."

काकांचा चेहरा फुलला.

"आता खुंटीला दाखवा," काकू म्हणाल्या. आणि त्याच दमात म्हणाल्या, "लेकीचं पत्र आलंय. थंडीभर माझ्याकडे येऊन राहा म्हणते. रविवारच्या गाडीनं जाते मी."

"आणि परत कधी येशील?"

"बघू."

काकांच्या पोटात गोळा आला. चांगला नारळाएवढा, लोखंडी. काकूंचं 'बघू' त्यांना माहीत होतं. शेजारच्या मांजरीला घरात घ्यायचं का, यावर काकू अकरा वर्षांपूर्वी 'बघू' म्हणाल्या होत्या. मांजर अजून बाहेर होती.

शनिवारी बाईंकडे काम होतं. बाई म्हणजे शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका. गावातल्या निम्म्या माणसांचे कान त्यांनी धरले होते आणि उरलेली निम्मी माणसं त्यांच्या शाळेत नव्हती म्हणूनच वाचली होती. त्यांनी चिठ्ठी पाठवली होती, "शनिवारी दहाला या. काकूंना आणा." काकांनी उलट चिठ्ठी पाठवली, की काकूंची तब्येत बरी नाही. बाईंना आयुष्यभर मुलांच्या आजाराच्या चिठ्ठ्या वाचायची सवय होती. त्यांनी ही चिठ्ठीही वाचली आणि बाजूला ठेवली.

दहाला काका आणि मेहुणे मागच्या दारानं आत गेले. बाईंच्या घरात दोन शेगड्या होत्या, एक स्वयंपाकघरात आणि एक बैठकीच्या खोलीत. आधी स्वयंपाकघर, दुपारी बैठक, असं ठरलं. मेहुण्यांनी या वेळी परिपत्रकात पाचवं कलम घातलं होतं, "कोणीही आले तरी उठू नये." काकांनी त्यांना चादरीपाशी बसवलं, खांद्यावर दाबून जरा खोल बसवलं, आणि शिडी चढले.

छपरावर पोचून त्यांनी दोर सोडवला आणि पुढे बघितलं. विटांच्या एकाच चौथऱ्यातून दोन धुराडी शेजारी शेजारी वर आली होती. सारखीच उंच, सारखीच काळी.

काका थांबले. कुठलं कुठलं?

या छपरावर ते चौतीस वर्षं येत होते. हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. का पडला नव्हता, याचा ते विचार करू लागले. ते वर यायचे, दोर सोडवायचे, आणि मग सरळ योग्य त्या भोकापाशी जायचे. न विचारता. कसे? आपल्याला आतून कळतं, असं ते लोकांना सांगत. जुन्या कारागिराला आतून कळतं.

आतून आवाज यायचा. टकटक.

काका हळूच कौलांवर बसले. ती चमचा तपासत नव्हती. ती सांगत होती, हे. हे घ्या. दर छपरावर, दर वेळी, आपण चौथऱ्याजवळ पोचलो की ती आधी सांगायची आणि मग आपल्याला आतून कळायचं.

मग काम तर करायलाच हवं म्हणून उठले आणि हिशेब मांडला. अंगणातून बघितलं तर स्वयंपाकघर डाव्या हाताला. म्हणजे डावं धुराडं. हिशेब बरोबर होता. फक्त अंगणातून वर येऊन ते उलट तोंड करून उभे आहेत, एवढं त्यात धरायचं राहिलं.

ते डाव्या धुराड्यावर वाकले.

"अरे, ऐकतोस ना? उत्तर देऊ नकोस, चादर सोडशील. नुसता ऐक."

खाली शांत. मेहुणे शहाणे झाले, असं काकांना वाटलं, आणि त्यांना बोलायला धीर आला.

"तुझी बहीण उद्या चालली. मी काय बोललो ते तुला माहीत आहे, सगळ्या गावाला माहीत आहे. खुंटी म्हणालो. अरे, खुंटी मी! मला हे भोकसुद्धा ओळखता येत नाही. चौतीस वर्षं ती टकटक करून सांगत होती आणि मी समजत होतो, चमचा वाजतोय का ते बघते. आता हे तिला सांगू कसं? घरी तोंड उघडलं की माझ्या तोंडून फक्त 'पाणी तापलं का' एवढंच निघतं. काल रात्री मी तीनदा विचारलं. तीन बादल्या तापवून ठेवल्या तिनं. शेवटी तीनदा आंघोळ केली, काय करणार?"

त्यांनी टोपीनं नाक पुसलं.

"ती नसली की मी कोण रे? छपरावर दोर घेऊन उभा असलेला एक म्हातारा. लोकांना वाटेल, पतंग उडवतोय. आणि हे बघ, हे कुठे बोलू नकोस. बाईंना तर मुळीच कळू देऊ नकोस, त्या अजून कान धरतील. शिवाय त्यांचा चहा प्यायला लागेल. बाईंचा चहा म्हणजे गरम पाण्याला चहाचं नुसतं नाव ऐकवलेलं. बरं, धर घट्ट. सोडतो."

दोर घरघरत सुटला. गोळा अर्ध्यावर गेला असेल नसेल, तोच खालून एक टोला आला.

टण्.

काकांनी दोर करकचून धरला. थांबा. पण थांबले ते नुसत्या टोल्यामुळे नाही. मेहुणे टोला मारत तो टपालावर शिक्का मारल्यासारखा, थप्प. हा टोला नळाच्या वाकणाच्या चार बोटं वर पडला होता, जिथे लोखंड खणखणीत बोलतं, तिथेच. तिथे टोला मारणारं माणूस गावात एकच होतं.

काकांनी धुराड्याला कान लावला.

टण्. टण्. टण्. टण्.

चार.

"कोण... कोण कोण आहे खाली?"

धुराड्यातून बाईंचा आवाज आला, वर्गात हजेरी घेताना येई तसाच स्वच्छ. "मी आहे. औषधवाल्यांच्या सूनबाई आहेत. आणि चहा आहे. ज्याच्याबद्दल तुम्ही आत्ता बोललात."

घडलं होतं ते असं. शुक्रवारी बाई स्वतः काकूंच्या घरी गेल्या होत्या. "चौतीस वर्षं माझ्या घरी येताय," त्या म्हणाल्या होत्या, "पण एकदाही खुर्चीवर बसला नाहीत. येता, खुर्च्या झाकता आणि जमिनीवर बसता. उद्या चहाला या. पुढच्या दारानं." म्हणून काकू ठेवणीतली पांढरी शाल पांघरून पुढच्या दारानं आल्या आणि बैठकीच्या खोलीत खुर्चीवर बसल्या. समोरच शेगडी होती. तिच्या दाराची बिजागरी सैल झाली म्हणून दार काढून भिंतीला टेकवून ठेवलेलं. त्या उघड्या तोंडातून आधी काकांचं खाकरणं आलं आणि मग सगळं भाषण. सूनबाई काहीतरी बोलणार, तर बाईंनी तोंडावर बोट ठेवलं होतं. त्या बोटाला पूर्ण गाव घाबरे. दोराची घरघर ऐकू आली तेव्हा मात्र काकू खुर्चीवरून अशा उठल्या, की कपबशी सूनबाईंनी झेलली. त्यांनी शाल काढून शेगडीच्या तोंडावर दाबली आणि चहाचाच चमचा नळावर मारला.

हे काकांना नंतर कळलं. आत्ता ते दोर धरून उभे होते.

"अगं, तू आहेस?"

या प्रश्नाला टोला ठरलेला नव्हता.

"चादर नाही ना तिथे? तू मागं हो. मी हळूच वर ओढून घेतो."

"हललात तर बघा," काकूंचा आवाज आला. "निम्मी काजळी सुटलीय. वर ओढा नाहीतर खाली सोडा, बाईंच्या खोलीत पडणार."

"मग मी काय करू?"

"उभे राहा."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

काका उभे राहिले. गोळा जड होता. खालून कप ठेवल्याचा आवाज आला, आणि बाई म्हणाल्या, "काकू, घाई नाही हो. आरामात."

"मी काय म्हणत होते," काकू वरच्या दिशेनं म्हणाल्या, "खुंटीला हे जमलं असतं?"

"नाही."

"ऐकू नाही आलं."

आलं होतं. धुराड्यातून सगळं येतं. पण काकांना ते दाखवून द्यायची ही वेळ वाटली नाही. त्यांनी छाती भरून घेतली.

"नाही जमलं असतं!"

रस्त्यावरची माणसं थांबली. समोरच्या गच्चीवर शिंपी कोट वाळत घालत होता, तो कठड्यापाशी आला.

"खुंटीला नाही जमलं असतं, मला नाही जमलं, तुझ्या भावाला तर मुळीच नाही!" काकांनी दोर मनगटाला गुंडाळला. "चूक झाली माझी! ऐकलंस? चूक झाली! आता रविवारी जायचं तर जा, पण परत कधी येणार ते सांगून जा. 'बघू' म्हणू नकोस!"

शिंप्यानं टाळी वाजवली. रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं, "काकू, घ्या आता पदरात!"

खाली हालचाल सुरू झाली. पावलं स्वयंपाकघरात गेली आणि आली. मेहुणे तिथे अजून बंद शेगडीवर चादर दाबून, मोठ्या निष्ठेनं बसलेले होते. काकूंनी चादर मागितली तर त्यांनी छातीवरच्या कागदावरचं पाचवं कलम दाखवलं. काकूंनी चादर ओढून घेतली.

मग कागद चिकटवल्याची चरचर, खुर्च्या सरकवल्याचे आवाज, ओल्या कापडाची थपथप. काकांना प्रत्येक आवाज ओळखीचा होता आणि आज प्रत्येक आवाजाचं त्यांना नवल वाटत होतं. हे सगळं दर वेळी होत होतं?

काकांचे दंड भरून आले होते, पण त्यांनी दोर बोटभरही हलू दिला नाही.

टण्. टण्.

चालू द्या.

त्या दिवशी दोन्ही धुराडी झाली. काजळीचं एक भरगच्च घमेलं निघालं, पण बाईंच्या खोलीत बोटभर डाग पडला नाही. पांढरी शाल मात्र कायमची काळी झाली. काकांनी ती सात वेळा धुतली आणि काकू सातही वेळा म्हणाल्या, "असू द्या आता." चहा काकांनी दोन कप प्यायला. बाईंनी स्वतः ओतून दिला आणि पिऊन होईपर्यंत समोर बसून राहिल्या.

खुंटी त्याच संध्याकाळी परत दारामागे गेली. काकांनी ठोकली, म्हणून जरा वाकडी. काकू रविवारी गेल्या नाहीत. थंडी संपल्यावर गेल्या, आणि काकांना बरोबर घेऊन गेल्या. लेकीच्या घरची झडप नीट बसत नव्हती.

पुढच्या मोसमात औषधवाले पुन्हा शिडीवर अर्धे आले, पुन्हा शिडीला मिठी मारून थांबले आणि कौतुकानं म्हणाले, "काका, या वयातही तुमची कमाल आहे हो."

काकांनी मान हलवली. "माझं काय त्यात? मी नुसता दोर सोडतो. खरं काम सगळं खाली असतं. कुठलं भोक, कधी थांबायचं, कधी ओढायचं, सगळं तीच. तिच्यासारखं माणूस या गावात काय, आसपासच्या..."

खालून टोला आला. एकच.

काका थांबले.